पहिली दहा मिनिटं

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सतरा शहरांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयाबाहेर ज्यांचं हृदय बंद पडतं, त्यांच्यापर्यंत शॉक देणारं यंत्र लवकर पोचवायची व्यवस्था या शहरांनी आधीच बसवली होती. आता तिच्या जोडीला श्वासनलिकेत नळी घालू शकणारे, शिरेतून औषधं देऊ शकणारे पॅरामेडिक आणले, तर आणखी किती माणसं वाचतील, हे तपासायचं होतं. साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. जगण्याचं प्रमाण आधी ५.० टक्के होतं, नंतर ५.१ टक्के. एवढा खर्च, एवढं शिक्षण, आणि फरक जवळपास शून्य. ज्यांच्यामुळे खरा फरक पडला त्या गोष्टी तीनच होत्या: कोसळताना कुणी पाहिलं का, पाहणाऱ्याने ताबडतोब छाती दाबायला घेतली का, आणि शॉक लवकर मिळाला का.

हृदयविकारावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. अँजिओप्लास्टी, स्टेंट, नवीन कॅथलॅब, कार्डिअ‍ॅक रुग्णवाहिका, सगळ्याची चर्चा होते आणि त्यासाठी पैसाही उभा राहतो. पण ज्याचं हृदय जिन्यात, शेताच्या बांधावर किंवा लोकलच्या डब्यात थांबलं, त्याचं पुढे काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या शेजारी असलेल्या माणसावर ठरतं. त्या माणसाला शिकवण्याइतकं स्वस्त आणि परिणामकारक काम आपत्कालीन वैद्यकात दुसरं नाही, असं उपलब्ध पुरावा वाचून माझं ठाम मत झालं आहे. आणि नेमक्या त्याच कामात आपण सर्वांत मागे आहोत.

दोन गोष्टींची सरमिसळ आधी दूर करायला हवी, कारण तिच्यापायी जीव जातात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबते. माणसाच्या छातीत कळ येते, दरदरून घाम सुटतो, पण तो शुद्धीवर असतो, बोलतो, त्याचं हृदय चालू असतं. त्याला लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचं; त्याची छाती दाबायची नाही. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, हाक मारून, खांदे हलवूनही हलत नाही, आणि त्याचा नेहमीसारखा श्वास चालत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, तसा तो विजेच्या धक्क्याने, बुडण्याने किंवा हृदयाच्या जन्मजात दोषानेही होतो. मोबाइलवर फिरणारा ‘जोरजोरात खोका म्हणजे हृदय पुन्हा सुरू होईल’ हा सल्ला याच गोंधळातून जन्मला आहे. ज्याचं हृदय थांबलं तो खोकू शकत नाही, आणि जो खोकू शकतो त्याने खोकत बसण्यापेक्षा दवाखाना गाठायला हवा.

मोठ्या माणसांत अचानक होणाऱ्या अरेस्टमध्ये बऱ्याचदा हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली विद्युतलय बिघडते. स्नायू एका तालात आकसण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. हृदयात हालचाल असते, पण त्यातून रक्ताचा थेंबही पुढे जात नाही. रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. कुणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. छाती दाबत राहिलं तर हीच घसरण तीन-चार टक्क्यांवर येते. नीट दाबलेल्या छातीतून नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश रक्त फिरतं. ऐकायला फार थोडं वाटतं, पण मेंदू तगवून धरायला आणि शॉक लागू पडेल अशा अवस्थेत हृदय ठेवायला तेवढं पुरतं. हात थांबले की दाबण्याने चढलेला रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि पुन्हा चढवायला कितीतरी वेळा दाबावं लागतं. म्हणून मध्येच थांबून नाडी बघणं, तोंडावर पाणी मारणं, पाय चोळणं, हे सगळं महागात पडतं.

छाती दाबण्याच्या या तंत्राचा जन्म ज्या कारणाने झाला, ते आपल्याकडच्या ग्रामीण वाचकाला विशेष जवळचं वाटेल. अमेरिकेत तारांवर काम करणारे वीज कर्मचारी धक्क्याने मरत होते आणि वीज कंपन्यांना त्यावर उपाय हवा होता. त्यांच्या पैशावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने अनेक वर्षं संशोधन केलं. १९५८ च्या सुमारास त्याचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं, की शॉक देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड पॅडल नुसते दाबून धरले, तरी रक्तदाब किंचित वर जातो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूडसह तिघांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६० मध्ये तो ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध झाला. तोवर थांबलेलं हृदय चालवायचं तर छाती उघडून ते हातात धरून दाबावं लागे. या तिघांनी दाखवलं की छाती न उघडताही ते जमतं आणि त्यासाठी दोन हातांखेरीज काही लागत नाही. त्याच सुमारास पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर आणली, आणि नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. नॉर्वेतल्या शाळांत ती १९६१ पासून पोचू लागली. साठपेक्षा जास्त वर्षं झाली या गोष्टीला.

आपल्याकडे शेतातल्या मोटरच्या पेटीला हात लागून, पावसाळ्यात तुटलेल्या तारेवर पाय पडून दर वर्षी माणसं जातात. त्यांतली बरीचशी तरुण आणि धडधाकट असतात. त्यांच्या हृदयात रोग नसतो, फक्त लय बिघडलेली असते. म्हणजे वेळेत छाती दाबली आणि शॉक मिळाला तर त्यांच्या वाचण्याची आशा मोठी. आधी वीज बंद करायची, ती बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच माणसाला हात लावायचा, एवढी जोड या शिक्षणाला गावोगावी द्यायला हवी. लाइनमनबरोबरच विहिरीवर मोटर चालू करायला जाणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक असावं.

शॉक देणारं यंत्र रुग्णालयाबाहेर आलं ते बेलफास्टमध्ये. १९६५ साली फ्रँक पँट्रिज या डॉक्टरने मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला. त्याचं वजन होतं सुमारे सत्तर किलो. आजचं स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, एका हाताने उचलता येतं आणि ते स्वतः बोलतं. चालू केलं की पट्ट्या कुठे चिकटवायच्या ते सांगतं, हृदयाची लय वाचतं आणि शॉकची गरज असेल तरच तो देऊ देतं. चुकून धडधाकट माणसाला शॉक बसेल ही भीती त्यामुळे निराधार आहे. सिनेमात मॉनिटरवर सरळ रेघ दिसते आणि डॉक्टर शॉक देऊन ती उसळवतात. प्रत्यक्षात सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो आणि यंत्र तो देणारही नाही. शॉकने हृदय सुरू होत नाही. त्यातला गोंधळ क्षणभर पूर्ण थांबतो आणि हृदयाला स्वतःची लय पुन्हा धरायची संधी मिळते. म्हणूनच शॉकनंतर लगेच पुन्हा छाती दाबायची असते.

हे यंत्र किती सोपं आहे ते पाहायला सिएटलच्या संशोधकांनी १९९९ साली सहावीच्या मुलांना ते हाताळायला दिलं. नकली प्रसंगात शॉक देईपर्यंत मुलांना सरासरी ९० सेकंद लागले, प्रशिक्षित व्यावसायिकांना ६७. शिकागोच्या विमानतळांवर लावलेल्या एईडींच्या दोन वर्षांच्या नोंदींत लय बिघडून कोसळलेल्या अठरा जणांपैकी अकरा जण वाचले, आणि त्यांना वाचवणाऱ्यांपैकी सहा जणांनी हे यंत्र चालवण्याचं शिक्षण कधी घेतलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना शिकवून ठेवलं होतं. तिथे सगळीकडे कॅमेरे, त्यामुळे कोण केव्हा कोसळला त्याची अचूक वेळ मिळत होती. तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक घरी गेले, तीन मिनिटांनंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के.

तरीही एईडी विकत घेण्याच्या उत्साहाला मी थोडा आवर घालीन. यंत्राचं उद्घाटन करता येतं, त्याच्यावर देणगीदाराचं नाव घालता येतं. शिकवलेल्या हातांवर घालता येत नाही. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे अशा ७००१ रुग्णांच्या चाचणीत अर्ध्या घरांत एईडी दिलं आणि उरलेल्यांच्या घरच्यांना मदत बोलावून छाती दाबायला शिकवलं. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. एवढ्या घरांपैकी अवघ्या ३२ जणांवर यंत्र वापरलं गेलं, कारण असे प्रसंगच कमी घडले, आणि माणूस कोसळला तेव्हाही घरात बऱ्याच वेळा कुणी पाहणारं नव्हतं. एईडीची खरी जागा गर्दीत आहे: रेल्वे स्थानकं, एसटी स्टँड, मोठी मंदिरं, क्रीडासंकुलं, जिम, बाजार समित्या. पंढरीच्या वारीसारख्या ठिकाणी तर ते दिंडीबरोबर चालायला हवं. कुलूपबंद कार्यालयात ठेवलेलं एईडी संध्याकाळी सहानंतर नसल्यातच जमा. त्याच्या पट्ट्यांची मुदत संपते, बॅटरी उतरते. ते तपासणारा एक माणूस नेमलेला असेल तरच ते घ्यावं.

उंच इमारतींच्या बाबतीत टोरंटो आणि त्याच्या जवळच्या भागातला एक अभ्यास मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने वाचावा असा आहे. तिसऱ्या मजल्याखाली कोसळलेल्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या किंवा वरच्या मजल्यांवर २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर २१६ जणांपैकी दोघे, आणि पंचविसाव्याच्या वर तिसांपैकी एकही नाही. रुग्णवाहिका फाटकाशी वेळेत आली तरी लिफ्टची वाट पाहणं, स्ट्रेचर आत न मावणं, दार कुठलं ते न कळणं यांत मिनिटं जातात. चाळीस मजली टॉवरमध्ये खाली वॉचमनच्या केबिनमध्ये एक एईडी, ते घेऊन धावणारा वॉचमन, एक जण लिफ्ट रोखून धरणारा आणि प्रत्येक मजल्यावर छाती दाबता येणारी दोन माणसं, ही तयारी संस्थेच्या वार्षिक सभेतल्या रंगरंगोटीच्या चर्चेपेक्षा खूप कमी वेळात ठरू शकते.

छाती दाबणाऱ्या हातांबद्दलचा पुरावा आता वादातीत आहे. स्वीडनमधल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, रुग्णवाहिका येण्यापूर्वी सीपीआर, म्हणजे छाती दाबण्याचा आणि जमल्यास श्वास देण्याचा प्रथमोपचार, मिळालेल्यांपैकी १०.५ टक्के महिन्याभरानंतर जिवंत होते. न मिळालेल्यांपैकी ४ टक्के. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत हे शिक्षण सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठीही. २००१ साली कोसळलेल्यांपैकी २१ टक्के लोकांना आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत होता, २०१० पर्यंत ४५ टक्क्यांना मिळू लागला. त्याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय शाळांना देता येणार नाही, उपचारही सुधारले होते. पण २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिकसन कोसळला, तेव्हा सगळ्या जगाने ज्या देशात सीपीआर पाहिला, त्या देशाने हा विषय पंधरा वर्षं आधी गंभीरपणे घेतला होता.

आकडे उत्साहवर्धक आहेत, म्हणून त्यांची मर्यादा लपवू नये. अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांचा १९९६ साली अभ्यास झाला, तेव्हा पडद्यावर सीपीआर मिळालेल्यांपैकी तीन चतुर्थांश माणसं त्या प्रसंगातून वाचताना दिसली. वास्तवात चांगल्या व्यवस्था असलेल्या देशांतही दहातली नऊ माणसं वाचत नाहीत. छाती दाबताना बरगड्या मोडू शकतात. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या किंवा शरीर पूर्ण थकलेल्या वृद्धाच्या बाबतीत हा उपचार यातनाच ठरतो आणि तो नको असं ठरवण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. सीपीआरचा आग्रह आहे तो अचानक, अवेळी थांबलेल्या हृदयासाठी. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर प्रदेशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. ज्यांचं कर्ज, मुलांची शिक्षणं आणि लग्नं अजून बाकी आहेत अशा वयाची ही माणसं आहेत.

भारतात आसपासच्या माणसाकडून सीपीआर मिळण्याचं प्रमाण उपलब्ध अभ्यासांत फारच कमी दिसतं. माणुसकी कमी आहे म्हणून असं होत नाही. आपल्याकडे कुणी पडलं की क्षणात पन्नास जण जमतात. कुणी पाणी पाजतं, कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, आणि मग चौघे मिळून उचलून रिक्षात घालतात. रिक्षात छाती दाबता येत नाही. मदतीची सगळी तळमळ असूनही नेमकी तीच दहा मिनिटं वाया जातात. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिने असंख्य प्राण वाचवले आहेत. पण एवढ्या मोठ्या राज्यात कुठलीही रुग्णवाहिका पाच मिनिटांत सगळ्यांच्या दारी पोचू शकत नाही, आणि ती अपेक्षाही रास्त नाही.

अरेस्ट ओळखताना सर्वांत जास्त फसगत श्वासाने होते. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं अनेकांना तुटक आचके येतात, घोरल्यासारखा आवाज येतो. घरच्यांना वाटतं, श्वास चालू आहे, झोप लागली असेल. कधी हातपाय झटकले जातात आणि लोकांना ती फिट वाटते. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. एकाने १०८ ला फोन करून स्पीकर चालू ठेवायचा, दुसऱ्याने एईडी आणायला धावायचं. माणसाला पलंगावरून जमिनीवर घ्यायचं, छातीच्या मधोमध हाडावर एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवायचा, कोपर सरळ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून हात बदलायचे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी २०१७ मध्ये जो क्रम सांगितला, त्यात तोंडाने श्वास देणं ठेवलेलंच नाही, फक्त छाती दाबणं आहे. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या संकोचाने लोक मागे हटतात, म्हणून हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. मात्र समुद्रात, विहिरीत बुडालेल्यांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. तिथे श्वास देणं आवश्यक ठरतं. कोकण किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना आणि पोहण्याच्या तलावांवरच्या प्रशिक्षकांना ते यायलाच हवं.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना सीपीआर मिळाला, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. आपल्याकडे हा संकोच कमी असेल असं मानायला जागा नाही. एईडीच्या पट्ट्या उघड्या त्वचेवर लावाव्या लागतात, गळ्यातलं मंगळसूत्र बाजूला सारावं लागतं. यावर उपाय म्हणजे बचत गटांतल्या बायका, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका यांना मोठ्या संख्येने शिकवणं. शिवाय अरेस्टची बहुसंख्य प्रकरणं घरात घडतात. दुपारी घरात असते ती सून, आई, बायको किंवा शाळेतून आलेली मुलगी. प्रशिक्षण मात्र बहुतेक वेळा कारखान्यांत आणि कार्यालयांत पुरुषांना दिलं जातं.

कायद्याची भीतीही घालवायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. पण ते वाहन अपघातांपुरतं आहे. जिममध्ये, घरात किंवा फलाटावर सीपीआर देणाऱ्यासाठी तितकंच स्पष्ट संरक्षण कायद्यात लिहिलं जावं. मागणी लहान आहे, खर्च शून्य आहे.

केंद्र सरकारने ६ डिसेंबर २०२३ रोजी एकाच दिवशी देशभर सीपीआर शिकवण्याची मोहीम घेतली आणि लाखो लोक त्यात सहभागी झाले. विषयाला दारं उघडली, हे चांगलंच. पण भाषण आणि प्रात्यक्षिक पाहून हात शिकत नाहीत, आणि शिकलेलं कौशल्यही तीन ते सहा महिन्यांत बोथट होऊ लागतं. आठवीपासून दर वर्षी एक तास, साध्या बाहुलीवर प्रत्येक मुलाने स्वतः दाबून पाहिलं, तर दहावीपर्यंत ते अंगवळणी पडेल आणि तीच मुलं घरी आजी-आजोबांसमोर उशीवर करून दाखवतील. पोलीस, कंडक्टर, वाहन परवान्याचे उमेदवार, गणेश मंडळांचे आणि गोविंदा पथकांचे कार्यकर्ते, सगळ्यांपर्यंत पोचायच्या वाटा आपल्याकडे तयार आहेत. सिएटल परिसरात १९८० च्या दशकापासून फोन घेणारा माणूस अनोळखी कॉलरला छाती कशी दाबायची ते सांगत, त्याच्याबरोबर आकडे मोजत राहतो. आपल्या १०८ वर प्रत्येक अरेस्टच्या फोनला हे मराठीत, ठरलेल्या शब्दांत आणि न चुकता मिळावं, एवढ्या एका सुधारणेने न शिकलेल्या माणसाचे हातही कामाला लागतील.

या सगळ्यात एका माणसाचा विचार फार कमी होतो. ज्याने वीस मिनिटं वडिलांची, शेजाऱ्याची किंवा कुणा अनोळखी प्रवाशाची छाती दाबली आणि तरी रुग्ण वाचला नाही, त्याचं पुढे काय? दहातल्या नऊ वेळा असंच होणार असेल, तर हा प्रश्न अपवादाचा नाही. आपल्या हातून काही चुकलं का, बरगडी मोडल्याचा आवाज आला त्यानेच काही झालं का, हे विचार त्याला महिनोन्‌महिने छळतात. कोपनहेगनच्या आपत्कालीन सेवेने अशा लोकांशी नंतर फोनवर बोलण्याची सोय केली. आपल्याकडेही रुग्णवाहिकेच्या डॉक्टरने निघण्यापूर्वी त्याच्याशी दोन मिनिटं बोलावं, नंतर कुणीतरी फोन करून रुग्णाचं काय झालं ते त्याला कळवावं, आणि बरगडी मोडली तरी त्याने केलं ते बरोबरच होतं हे डॉक्टरच्या तोंडून त्याला ऐकायला मिळावं.